ओळख, परवल आणि मोर्तब : प्राथमिक शिक्षकांसाठी काही मूलभूत संज्ञा



पुणे शहराच्या पश्चिमेस मुठा नदीच्या काठी वसलेल्या कर्वेनगराचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी येथील सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली एका झोपडीत आश्रमाचे काम या माळावर सुरू झाले. पुढे गाव शहरात मिसळले आणि परिसरास अण्णासाहेबांचे नाव मिळाले. आज त्याच संस्थेच्या आवारात १९९१ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुली संगणकशास्त्राचे शिक्षण घेतात.

या जुन्या-नव्या नावांत आजच्या विषयाचे बीज आहे. समजा, एका आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गावाचे नाव ‘हिंगणे बुद्रुक’ असे आहे आणि त्यांच्या नातवाच्या दाखल्यावर ‘कर्वेनगर’ असे आहे. गावच्या शिक्षकाला दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत हे सांगावे लागत नाही. परंतु केवळ अक्षरास अक्षर जुळवून पाहणारे यंत्र या दोन नोंदी भिन्न आहेत असाच निर्णय देईल. उलटपक्षी, एकाच नावाची दोन मुले एकाच वर्गात असली तर यंत्र त्यांना एक समजण्याचा संभव असतो. शिक्षक मात्र तशी चूक करणार नाही. नाव म्हणजे ओळख नव्हे, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. नाव ही ओळखीची केवळ खूण आहे.

प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हे पिढ्यान् पिढ्या अनेक माणसांच्या ओळखीचा पहिला लेखी आधार होऊन राहिले आहे. जन्मतारीख, जात, गाव, वडिलांचे नाव या गोष्टींचा वाद उपस्थित झाला की शेवटी शाळेचा दाखला मागितला जातो. आता हेच रजिस्टर संगणकावरही आले असून विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम बहुतांशी शिक्षकांकडेच आहे. यास्तव माहितीच्या सुरक्षिततेच्या शास्त्रातील चार-सहा मूलभूत संज्ञा शिक्षकाने नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे. या संज्ञा परक्या वाटतात. परंतु त्यांमागील कल्पना महाराष्ट्राच्या दप्तरात आणि इतिहासात पूर्वीपासून आहेत.

ओळख सांगणे आणि ओळख पटविणे

पहिला भेद असा की, ओळख सांगणे ही एक क्रिया आणि ओळख पटविणे ही दुसरी क्रिया होय. ‘मी अमुक आहे’ असे कोणीही म्हणू शकतो. ते म्हणणे खरे आहे की नाही हे पुराव्याने ठरविणे यास ओळख-पडताळणी अथवा प्रमाणीकरण म्हणतात. संगणकावर वापरकर्त्याचे नाव लिहिणे ही पहिली क्रिया आणि परवलीचा शब्द लिहिणे ही दुसरी.

या भेदाचे मोल मराठी राज्यास फार जबर देऊन कळले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले; परंतु त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर पती हयात असल्याचीच श्रद्धा अखेरपर्यंत बाळगली. अशा संशयाच्या वातावरणात भाऊसाहेबांशी चेहऱ्यामोहऱ्याने साम्य असणारा एक उत्तरेकडील मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. त्याला कैद करून रत्नागिरीस ठेवण्यात आले होते. तथापि १७७६ साली तो तेथून सुटला, कोकणातील अनेक माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली आणि पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याच्यावर फौजा पाठवाव्या लागल्या. अखेर तो पकडला गेला, पुण्यात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. ‘तोतया’ हा शब्द या प्रकरणामुळे मराठीत कायमचा प्रसिद्ध झाला.

या घटनेतून घ्यावयाचा बोध असा : चेहऱ्याचे साम्य हा पुरावा अपुरा होता. पाहणाऱ्याच्या मनातील इच्छा आणि आशा ही पडताळणीची सर्वांत मोठी शत्रू होय. आज दूरध्वनीवर ‘मी बँकेतून बोलतो’, ‘मी शिक्षण विभागातून बोलतो’ असे सांगणारा अनोळखी इसम त्याच तोतयाचा वंशज आहे. तो बक्षिसाची आशा दाखवितो किंवा कारवाईची भीती घालतो, कारण भ्यालेला अथवा आशाळभूत मनुष्य पुरावा मागत नाही.

पुराव्याचे तीन प्रकार

ओळख पटविण्याचे पुरावे तीन प्रकारचे असतात. माणसाला जे ठाऊक आहे ते, माणसाजवळ जे आहे ते, आणि माणूस स्वतः जो आहे तो.

किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकऱ्यास सांगावयाचा परवलीचा शब्द हा पहिल्या प्रकारचा पुरावा होय. संगणकाच्या ‘पासवर्ड’ला मराठीने हाच शब्द दिला आहे. परवल जो सांगेल त्याला पहारेकरी आत सोडणार. म्हणून परवल उघड झाली की दरवाजा असूनही नसल्यासारखाच. दुसऱ्या प्रकारात किल्ली, ओळखपत्र, बँकेचे कार्ड, भ्रमणध्वनीतील सिमकार्ड या वस्तू येतात. तिसऱ्या प्रकारात अंगठ्याचा ठसा, डोळ्यातील बुबुळाची ठेवण, चेहरा ही शरीराची लक्षणे येतात.

प्रत्येक प्रकारात एकेक उणीव आहे. ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितली जाऊ शकते. जवळची वस्तू चोरीस जाऊ शकते. आणि शरीराचे लक्षण एकदा कोणी उचलले तर ते बदलता येत नाही. परवल बदलता येते, अंगठा बदलता येत नाही. या कारणाने महत्त्वाच्या व्यवहारात दोन भिन्न प्रकारांचे पुरावे एकत्र मागण्याची पद्धत आहे. तिला द्विस्तरीय पडताळणी म्हणावे. भ्रमणध्वनीवर येणारा ‘ओटीपी’, म्हणजे एकदाच वापरावयाचा संकेतांक, हा आपल्या जवळच तो दूरध्वनी आहे याचा पुरावा असतो. तो संकेतांक दुसऱ्यास वाचून दाखविणे म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. तो मागणाऱ्याचा हुद्दा कितीही मोठा असला तरी तो सांगावयाचा नसतो.

निशाणी डावा अंगठा

जुन्या दस्तऐवजांत निरक्षर माणसाच्या नावापुढे ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहीत. साक्षरतेच्या प्रसारासाठी झटलेल्या शिक्षकांच्या पिढ्यांनी तो अंगठा पुसून तेथे सही आणली. आता अंगठा पुन्हा परत आला आहे. मात्र तो निरक्षरतेची खूण म्हणून नव्हे, पडताळणीचे साधन म्हणून. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, ही गोष्ट महाराष्ट्रातील शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आधार क्रमांक बारा अंकी असतो. त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताच्या एका नियमाने ठरतो. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला तर यंत्रास ती चूक कळते. परंतु क्रमांक बरोबर लिहिला गेला म्हणून तो सांगणारा मनुष्य खरा, असे मुळीच ठरत नाही. क्रमांक ही ओळख सांगणारी गोष्ट आहे, पटविणारी नव्हे.

ठशाने पडताळणी करताना यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. दुसऱ्याच माणसाला खरा मानणे ही चुकीची स्वीकृती. खऱ्या माणसाला न ओळखणे हा चुकीचा नकार. यंत्र अधिक कडक केले तर पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. सैल केले तर उलट घडते. ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवरील रेषा झिजलेल्या असतात. त्या हातांना यंत्राचा नकार मिळाला तर त्यात त्या माणसाचा दोष नाही. मुलांच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. पाच वर्षांखालील बालकाच्या आधार नोंदणीत बोटांचे ठसे घेतच नाहीत. पाचव्या वर्षी ते प्रथम घेतले जातात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा नव्याने द्यावे लागतात, कारण वाढत्या वयात शरीराची लक्षणे बदलतात.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला निर्णय प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असावा. शाळेतील प्रवेशासाठी आधार क्रमांकाची सक्ती करता येणार नाही, आणि तो नाही या कारणास्तव कोणत्याही बालकास त्याच्या हक्काच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे त्या निर्णयात स्पष्ट करण्यात आले आहे. यंत्राचा नकार हा शेवटचा शब्द नव्हे. दाराशी उभे असलेले मूल हीच पहिली वस्तुस्थिती होय.

माहितीचे तीन गुण

माहिती सुरक्षित आहे असे केव्हा म्हणावे? शास्त्रकारांनी याचे तीन निकष सांगितले आहेत : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता.

गोपनीयता म्हणजे ज्याचा अधिकार आहे त्यालाच माहिती दिसणे. ती राखण्याचे एक साधन कूटलेखन होय. महाराष्ट्रातील मुलांना ते ‘च’च्या भाषेमुळे खेळातून ठाऊकच असते. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे आणि आरंभी ‘च’ लावावयाचा, म्हणजे ‘पुस्तक’चे ‘चस्तकपु’ होते. परंतु वर्गातील सर्वांना ही रीत कळली की गुपित उरत नाही. म्हणून चांगल्या कूटलेखनाचा नियम असा की, रीत सर्वांना ठाऊक असली तरी चालावे, गुपित केवळ किल्लीत असावे. कुलूप कसे बनते हे लोहारास माहीत असते. म्हणून प्रत्येकाचे कुलूप त्याला उघडता येत नाही.

अखंडता म्हणजे माहिती अधिकाराशिवाय बदललेली नसणे. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब केले जाई. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकुराची मर्यादा कळे, जेणेकरून खाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मराठी माणूस रोज वापरतो. त्यात प्रमाणीकरण आणि अखंडता या दोन्ही संज्ञा सामावलेल्या आहेत. आजची डिजिटल स्वाक्षरी हेच काम गणिताने करते. संपूर्ण मजकुरावरून एक लहानसा अंकीय ठसा काढतात आणि सही करणाराच्या खाजगी किल्लीने त्यावर मोहोर उमटवितात. त्याची सार्वजनिक किल्ली वापरून ती मोहोर कोणालाही तपासता येते. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. या दोन किल्ल्यांची कल्पना डिफी आणि हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने अशा स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली असून महाराष्ट्रातील शेतकऱ्यास आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळतो.

अखंडता भंगली म्हणजे काय होते याचे कटू उदाहरण शिक्षणक्षेत्रातच घडले. २०१९-२० सालच्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या निकालात फेरफार झाल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात २०२१ अखेर उघडकीस आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. नापासास पास दाखविणारी एकेक नोंद म्हणजे प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या एकेका उमेदवाराची हानी होती.

तिसरा गुण उपलब्धता. हवी तेव्हा माहिती हाती येणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. कुलूपबंद कपाटात वाळवीने खाल्लेले रजिस्टर गुप्त राहिले खरे, पण सुरक्षित राहिले नाही. म्हणून माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून पाहावे.

अधिकार आणि उत्तरदायित्व

ओळख पटल्यावर पुढचा प्रश्न येतो तो अधिकाराचा. शाळेचा शिपाई खराच शिपाई आहे म्हणून त्याने गुणपत्रक बदलावे असे होत नाही. कोणी काय पाहावे आणि काय बदलावे हे ठरविणे यास अधिकारप्रदान म्हणतात. कामापुरताच अधिकार द्यावा, हा त्याचा सुवर्णनियम. प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची आपोआप होणारी नोंद म्हणजे नोंदमाग. आणि केलेली कृती पुढे नाकारता न येणे म्हणजे उत्तरदायित्व.

येथेच एका सर्रास आढळणाऱ्या सवयीचा विचार केला पाहिजे. कामाच्या घाईत मुख्याध्यापक आपली परवल सहकाऱ्यास देतात, सहकारी ती गावातील संगणक केंद्राच्या चालकास देतो आणि अखेर ती कपाटाच्या दारावर चिकटविली जाते. हेतू वाईट नसतो. परंतु त्या परवलीने जे जे घडते ते सर्व नोंदमागात मुख्याध्यापकांच्याच नावावर लिहिले जाते. २०२५ साली नागपूर विभागात, वेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या शालार्थ प्रणालीत बनावट शिक्षकांचे ओळखक्रमांक तयार करून शासनाचे वेतन उचलल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले व अटका झाल्या. अशा चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो : कोणाच्या परवलीने ही नोंद झाली? ज्याने ती परवल उदारपणे वाटली, त्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करणे अतिशय जड जाते.

पडताळणी करणाऱ्याचीही पडताळणी

शेवटची संज्ञा परस्पर-पडताळणी. दाराशी आलेल्याने आपली ओळख पटवावी, तद्वत दार उघडणाऱ्यानेही आपली ओळख पटवावी. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला याचे ठळक उदाहरण होय. कार्डधारकाने पैसे मागितले की ‘द्यावे की न द्यावे’ हे विचारणारा संदेश बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. हल्लेखोरांनी त्या वाटेवर आपलीच बनावट यंत्रणा बसविली आणि तिने प्रत्येक मागणीस होकार दिला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी आणखी रक्कम हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आली. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. या वेळी तोतया दाराबाहेर उभा नव्हता. तो खुद्द पहारेकऱ्याच्या जागी बसला होता.

सामान्य माणसाच्या बाबतीत हीच युक्ती ‘फिशिंग’ या नावाने चालते. खऱ्या संकेतस्थळासारखे दिसणारे खोटे पान उभारून गळ टाकला जातो आणि परवल काढून घेतली जाते. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहिणे आणि आलेल्या दूरध्वनीवर विश्वास न ठेवता कार्यालयाच्या ज्ञात क्रमांकावर स्वतः विचारणे, हा त्यावरील साधा उपाय होय. दुसऱ्याची परवल अथवा ओळखलक्षण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ग अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. लाजेखातर गेलेला प्रत्येक तास लुबाडणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

शिक्षकाने करावयाच्या गोष्टी

या सर्व विवेचनातून काही थोडे आचार निष्पन्न होतात. प्रत्येक कामासाठी परवल निराळी व लांब असावी, आणि ती कोणासही सांगू नये. मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा व पालकांचे दूरध्वनी क्रमांक यांच्या याद्या भ्रमणध्वनीवरील समूहांत टाकू नयेत. आधाराची प्रत देणे भागच पडले तर केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत द्यावी. संगणक केंद्रात काम संपताच प्रणालीतून बाहेर पडावे आणि तेथे उतरवून घेतलेल्या याद्या पुसून टाकाव्यात. बदली होताच जुन्या शाळेचे अधिकार काढून घेण्यास लेखी कळवावे. आणि वर्गात ‘च’च्या भाषेच्या खेळातून मुलांना ही गोष्ट सांगावी की, गुपित राखणे म्हणजे लपवाछपवी नव्हे, दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू सांभाळणे होय.

अण्णासाहेब कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाच्या शाळा नव्हत्या तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्या खेड्यांतील मुलाचे नाव प्रथमच कोणीतरी एका वहीत शुद्ध अक्षरात लिहिले, ही त्या कार्यातील लहान पण मोलाची गोष्ट होती. वही बदलली, लेखणी बदलली. परंतु नाव लिहून घेणाऱ्यावरील विश्वास तोच आहे. पालक आपल्या मुलाची संपूर्ण ओळख शिक्षकाच्या हाती देतो, आणि बहुधा पावतीही मागत नाही. त्या विश्वासावर प्रामाणिकपणाचा शिक्का उमटविणे आणि दक्षतेचे मोर्तब करणे हे प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य होय.